एकाच नावाच्या दोघी

आमच्या कम्प्युटरनं एका माणसाचं लग्न त्याच्या सख्ख्या आत्याशी लावून दिलं, तेव्हा मला कळलं की आपल्याला ही नोकरी नेमकी कशासाठी मिळाली आहे.

मी तेव्हा बुलढाण्यात एका लहानशा संस्थेत कामाला होते. कपाशीच्या शेतकऱ्यांना फोनवर सल्ल्याचे संदेश पाठवायचे, हे संस्थेचं काम. बीटीचं बियाणं येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ज्या बोंडअळ्यांपासून सुटका म्हणून ते आलं, त्यांतलीच गुलाबी अळी आता त्याच बोंडात बसून आरामात सरकी खात होती. घाटाखालच्या गावांत कुठल्याही ओट्यावर बसा, कपाशी ठेवायची की उपटून टाकायची याच्यापलीकडे बोलणं जात नसे.

पुण्यातल्या आमच्या वरच्या मंडळींचं म्हणणं असं, की नुसता सल्ला पाठवून भागत नाही. गावात कोण कुणाचं ऐकतं, कोण कुणाकडून शिकतं, हे आधी कळलं पाहिजे. मग सल्ला त्याच माणसाच्या तोंडून जाऊ द्यावा. त्यासाठी त्यांनी कम्प्युटरात एक मोठं जाळं मांडलं होतं. नॉलेज ग्राफ म्हणत त्याला. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि दोन ठिपक्यांमधलं नातं म्हणजे एक रेषा. हा ह्याचा भाऊ, हिचं वावर त्याच्या वावराला लागून, ही तिच्याकडून अमुक गोष्ट शिकली. पडद्यावर ते फार देखणं दिसायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रांगोळी आठवली.

अडचण एकच होती. आमच्याकडे माणसं पुष्कळ आणि नावं थोडी. गावात अर्धी घरं एकाच आडनावाची, आणि पोरांना ठेवायची देवांची नावंही ठरलेली. कम्प्युटर बिचारा सारखं नाव दिसलं की दोन माणसांचा एक ठिपका करून टाकायचा. मग बापापेक्षा मुलगा वयानं मोठा निघायचा, आणि वारलेले आजोबा वावरात फवारा मारून यायचे. उलट एखाद्यानं सिम बदललं की त्याचीच दोन माणसं व्हायची. असे एकत्र झालेले ठिपके सोडवायचे आणि तुटलेले जोडायचे, हे माझं काम. पुण्याचा एक इंजिनिअर फोनवर मदतीला असे. पोरगा गुणी होता, पण त्याची पक्की समजूत होती, की माणसाला एकदा नंबर दिला की जगातले सगळे घोळ मिटतात.

एक सांगून ठेवते. या लिहिण्यात मी कुणाचंच नाव घेणार नाही. नावांनी मला तेव्हा इतकं पिडलं आहे, की आता त्यांच्याशिवाय सांगून बघायची हौस आहे. तुमचं काही अडायचं नाही, बघाच.

पिंपळगाव राजा हे गाव माझ्याकडे होतं. बसनं घाट उतरून जायचं. पहिल्याच दिवशी मी बायकांच्या बैठकीत एकेकीला नवऱ्याचं नाव विचारायला लागले आणि बैठक एकदम गप्प झाली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत तिथल्या बायकांनी अजून टिकवून ठेवली होती. थोडी लाज म्हणून, थोडी सासू शेजारीच बसली आहे म्हणून, आणि बरीचशी मला दमवायला मिळतंय म्हणून.

"अवो म्याडम, थे आमच्या पोरीचे बाबा," एकीनं सांगितलं.

"हो, पण पोरीच्या बाबांचं नाव काय?"

"आता बाबाले कोनी नावानं हाका मारते काय?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझा स्वभाव तापट, मी चिडले. मग तिच्या शेजारणीला माझी दया आली. तिनं सांगायला सुरुवात केली: पाण्याच्या टाकीमागचे, चक्कीवालीचे दीर, गेल्या पोळ्याला ज्यांचा बैल बिथरला होता ते. आणि काय सांगू, अख्ख्या बैठकीला तो माणूस लगेच कळला. कुणी म्हणालं, त्यांचा खोकला बरा झाला का. फक्त मलाच तो कळायचा बाकी होता.

परतीच्या बसमध्ये घाट चढता चढता माझा राग उतरला. ह्या बायका जन्मभर जे करत आल्या, तेच आमची पुण्याची मंडळी करू बघत होती. नावाला हात न लावता, कोण कुणाचा कोण एवढ्यावरून माणूस गाठायचा. त्या दिवसापासून मी आधी नाती विचारायला लागले आणि नाव सगळ्यांत शेवटी. माझं काम भराभर उरकायला लागलं. खरं सांगायचं तर मी त्या कामाच्या प्रेमातच पडले. कुठल्याही गावात शिरावं, कुणाच्याही ओट्यावर बसावं, आणि चहा संपेपर्यंत त्या घराचं सगळं गणगोत आपल्याला पाठ व्हावं, याच्यात केवढं सुख असतं!

आता डोमकळीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गुलाबी अळी फुलात शिरली की ते फूल नीट उमलत नाही. पाकळ्या आतल्या आत चिकटून राहतात, गुलाबाच्या अर्धवट कळीसारख्या. तिला डोमकळी म्हणायचं. ती हातानं तोडून अळीसकट नष्ट केली, तर पुढची बोंडं बरीचशी वाचतात. साधी गोष्ट आहे, पण अख्खं वावर वाकून बघत रोज कोण फिरणार? आम्ही संदेश पाठवून थकलो होतो. लोक संदेश वाचत आणि फोन खिशात ठेवत.

पिंपळगावात मात्र बायका रोज डोमकळ्या वेचत होत्या. त्याचं कारण भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी भुलाबाई बसते. संध्याकाळी बायका-पोरी जमून गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ असतो. घरच्या बाईनं झाकलेला डबा हलवून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. डोमकळीचे दिवसही नेमके तेच. तर त्या गावात कुणीतरी नियम काढला होता: मूठभर डोमकळ्या आणल्याशिवाय खाऊ ओळखायला बसायचं नाही. दारात साबणाच्या पाण्याची बादली ठेवलेली. येताना मूठ तिच्यात रिकामी करायची, मगच आत. एका आळीतून तो नियम दुसऱ्या आळीत गेला, मग तिसऱ्या. बायका मुठी भरायला दुसऱ्यांच्या वावरात शिरायला लागल्या, आणि कुणी हटकलं तर म्हणायच्या, "तुहंच भलं करून राह्यलो."

आमच्या जाळ्यात प्रत्येकीला विचारलेलं होतं, डोमकळी वेचायला कुणाकडून शिकलात? आणि जवळजवळ सगळ्यांच्या रेषा एकाच ठिपक्याकडे जात होत्या. पडद्यावर तो ठिपका इतका फुगला, की पुण्याच्या इंजिनिअरनं मला आपणहून फोन केला. "ही बाई कोण आहे हो? हिला भेटलंच पाहिजे."

त्याच सुमारास अकोल्याला कपाशी लावणाऱ्या बायकांचा एक मेळावा ठरला होता. गावोगावच्या बायका येणार, आणि प्रत्येक गावातून एकीनंच व्यासपीठावर बोलायचं. ऐकायला कुणीही या, बोलायला एकच. पुण्याच्या कचेरीनं पिंपळगावच्या त्या फुगलेल्या ठिपक्यावरचा फोन नंबर लावला आणि आमंत्रण देऊन टाकलं.

तो फोन उचलला माडीवाल्या काकूंनी.

गावात माडीचं घर तसं एकच, म्हणून त्या माडीवाल्या. यजमान एकेकाळी सरपंच होते. काकूंचा आवाज असा, की अंगणातून हाक मारली तर वावरातला गडी वळून बघायचा. पण मनानं मोकळ्या. आमच्या बैठका त्यांच्याच अंगणात व्हायच्या आणि चहाची किटली कधी रिकामी दिसली नाही. अकोल्याहून बोलावणं आलं म्हटल्यावर त्यांनी सगळ्या आळ्यांत पेढे वाटले आणि खामगावहून नवी साडी आणली. मी त्यांच्याकडे गेले ती भाषणाची तयारी करून घ्यायला.

"काकू, सुरुवातीला सांगा, डोमकळ्या वेचायची युक्ती तुम्हाला कशी सुचली."

"मले?" काकू म्हणाल्या. "मले काऊन सुचन बाप्पा? आमच्या वावरात बाया येचतेत थ्या. पन मी भाषन झकास करन, तू काळजी नको करू."

चहा कसाबसा संपवून मी बाहेर पडले. समोरच्या घरातल्या आपा दारात पोती शिवत बसल्या होत्या. त्यांच्या घरचा कापसाच्या खरेदीचा धंदा, त्यामुळे गावातलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक. माझा चेहरा बघून त्यांनीच हाक मारली. मी सांगितल्यावर त्यांनी सुई पोत्यात खोचली आणि कपाळाला हात लावला.

"अरे म्याडम, ये काम तो आडावरवाली का है. दोनों का नाम एकच. मियाँ का नाम बी एकच, आडनाव बी एकच. तुम्हारी मशीन ने दोनों को एकच कर दिया क्या?"

केलंच होतं. मी तिथेच ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. त्या ठिपक्यावर दोन फोन होते आणि दोन वावरं होती. एकाच भावकीतले दोन नवरे एकाच देवाच्या नावाचे, आणि त्यांच्या बायकांचं नावही एकच. कम्प्युटरला त्यात वावगं काय वाटणार? एका बाईची दोन वावरं असू शकतात.

आडावरची मला तिच्या वावरात भेटली. गावच्या जुन्या आडाला लागून घर, म्हणून आडावरची. तिशीच्या आसपासची, सडपातळ, ओटीत डोमकळ्या भरलेल्या. मला बघून ती बोलता बोलता थांबली. तिच्यासमोर तर नुसती कपाशी होती. शेजारच्या ओळीतली बाई हसून म्हणाली, "कपाशीले भाषन देऊन राह्यली म्याडम थे. गावातल्या एका बाईले अकोल्याले बोलायचं हाय हे कानावर आलं, तवापासून असंच चालू हाय."

आडावरची लाजली, पण नाही म्हणाली नाही. बांधावर बसून तिनं मला सगळं सांगितलं. भुलाबाईचा नियम तिचाच. पहिल्या वर्षी तिनं तो फक्त आपल्या घरी लावला, तेव्हा बायकांनी तिला कंजूष ठरवलं होतं, खाऊ वाचवायला नियम काढला म्हणून. तरी ती हटली नाही.

"काकूचं नाव आलं हे समजलं मले," ती म्हणाली. "पेढा बी आला. गोड व्हता."

"पण ते बोलावणं तुमचं आहे, ताई."

"आता पेढे वाटल्यावर कोन सांगन काकूले? मी त नाही सांगनार. माह्या पोरीच्या बारशाले त्याच सगळ्यात आधी आल्या व्हत्या." ती ओटीतली एक कळी उचलून कुस्करत राहिली. "पन मले जायचं व्हतं, म्याडम. लई जायचं व्हतं. खोटं काऊन बोलू?"

मला तिच्याबद्दल फार माया वाटली. लोक मनातलं असं सरळ सांगत नाहीत. मी संध्याकाळी पुण्याला फोन लावला आणि इंजिनिअरवर उगाचच ओरडले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "दोन ठिपके आत्ता करून देतो. पण रेषा कशा वाटायच्या? सगळ्याजणींनी तर एकच नाव सांगितलंय. आणि अकोल्याची पत्रिका या आठवड्यात छापायला जाते. तोवर ठरलं नाही, तर आहे तेच राहील."

"रेषा मी वाटून आणते," मी म्हटलं. कशा, ते मला ठाऊक नव्हतं. एकेकीला विचारावं तर पुन्हा तेच नाव. बाजूला घेऊन दोघींतली कोण ते विचारावं तर संध्याकाळच्या आत काकूंना कळणार, आणि त्यांच्या माघारी असं काही करणं मलाही पटत नव्हतं.

त्या आठवड्यात भुलाबाई काकूंच्याच अंगणात होती. दारात बादली, आत गर्दी. गाणी झाली. खाऊ ओळखायला अजून वेळ होता, कारण काकूंच्या सुनेचं आत तळण चाललं होतं आणि वासावरून सगळ्यांनी तो आधीच ओळखला होता. रिकामा वेळ बघून एकीनं मला विचारलं, "म्याडम, थ्या तुमच्या कम्प्युटरात आम्ही दिसतो कशा?"

मी उठले आणि रांगोळीनं अंगणात ठिपके काढायला लागले. ही तू, ही तुझी जाऊ, ही रेषा. पण बायका स्वतःला शोधायला ठिपक्यांवर येऊन उभ्या राहिल्या, आणि माझं जाळं त्यांच्या पायांनी पुसून गेलं. तेवढ्यात आपांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढून माझ्याकडे फेकला. "रांगोळी छोडो. ये पकडो."

मग काय विचारता! कातरीनं सुतळीचे तुकडे केले आणि प्रत्येकीला एक दिला. डोमकळी वेचताना ज्या बाईला तुम्ही पहिल्यांदा पाहिलं, तिच्या हातात तुमच्या सुतळीचं दुसरं टोक द्यायचं, एवढंच मी सांगितलं. नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर तर त्यांना आणखीच चेव आला. "मी तुह्याकडून नाही वं, तूच माह्याकडून!" "खोटी! सांग बरं, कोन्या वावरात?" एका सासूनं सुनेच्या हातात टोक दिलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि ती सून इतकी खूष झाली की तिनं आपलंच टोक हातातून सोडलं. बायका सुतळीत अडकत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी जन्मात इतकी हसले नसेन.

आणि मग ओढाताण थांबली. सगळ्यांना दिसत होतं. कुणाचीही सुतळी धरून चालत गेलं, तरी एका बाईवरून दुसरीवर जात शेवटी ती आडावरचीच्या मुठीत पोचत होती. तिच्या मुठीत टोकांचा झुबका झाला होता. तिच्या स्वतःच्या सुतळीचं दुसरं टोक तेवढं जमिनीवर पडलं होतं, कारण ते द्यायला तिच्याआधी कुणी नव्हतंच. ती मान खाली घालून उभी होती.

काकू ओट्यावर उभ्या होत्या. यजमानीण म्हणून त्यांनी सुतळी घेतली नव्हती. त्यांनी ते सगळं नीट बघितलं. नंतर माझ्याकडे बघितलं, आणि माझा चेहरा काही लपला नसावा. मला वाटलं, आता आवाज चढणार.

"अकोल्याचं बोलावणं हिचं व्हतं का वं?" त्यांनी मला विचारलं.

"हो काकू. कम्प्युटरनं तुम्हा दोघींना एक समजलं."

काकू ओट्यावरून खाली आल्या. आपांच्या हातातून एक तुकडा घेतला, आपल्या वावरात काम करणाऱ्या बाईला विचारलं, "तू कोनाकडून शिकली?" तिनं मानेनंच आडावरचीकडे दाखवलं. "मंग मी बी तिथलीच," असं म्हणून काकूंनी आपल्या सुतळीचं टोक आडावरचीच्या मुठीत कोंबलं. "धर. आन मान वर कर. चोरी केली काय तू?"

आडावरचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलंच, "काकू, पेढ्याचं काय मंग?"

"काय म्हंजे? खाल्ले ना तुम्ही? आता काय पोटातून काढून देता?" काकू कडाडल्या, आणि अंगण पुन्हा खदखदलं. "आन मी बी येतो अकोल्याले. नवी साडी काय पेटीत घालून ठिवू? ही बोलन, मी टाळ्या वाजवन."

त्याच रात्री मी पुण्याला कळवलं. इंजिनिअरनं एका ठिपक्याचे दोन केले आणि रेषा फिरवल्या. दुसऱ्या दिवशी मी काकूंना पडद्यावर त्यांचा नवा ठिपका दाखवला. त्याला रेषा थोड्याच होत्या. त्यांनी चष्मा लावून तो बघितला आणि म्हणाल्या, "चाला, येगळं निघालो म्हना की आम्ही दोघी. चुली वायल्या झाल्या."

मेळाव्याच्या दिवशी आम्ही जीपनं निघालो. पुढे काकू आणि त्यांची साडी, मागे मी, आडावरची आणि तिचा नवरा. तो अबोल, सरळ माणूस. कोजागिरी झाली होती, कापूस वेचायचे दिवस होते, तरी वावर सोडून बायकोसोबत आला होता. ती सगळी वाट खिडकीबाहेर बघत होती. अकोला जवळ आलं तेव्हा हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, "म्याडम, थ्या कम्प्युटरात एका मानसाले दोन नावं ठिवता येते काय?"

"येतात की. जितकी असतील तितकी."

"मंग आल्यावर सांगतो," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

सभागृह गच्च भरलं होतं. निवेदकानं पिंपळगावचं नाव पुकारलं आणि मग तिचं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. माझ्या डावीकडच्या काकू झटकन उठून उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढला. "अगं बाई," म्हणत त्या जीभ चावून खाली बसल्या, आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

ती माईकपाशी गेली. पदर सारखा केला. मग ती म्हणाली, "नमस्कार. मी," आणि तिनं एक नाव सांगितलं. निवेदकानं पुकारलेलं ते नाव नव्हतं. आमच्या जाळ्यातही ते कुठे नव्हतं. त्या नावामागे तिनं जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव जोडलं. "थे माहं माहेर," ती म्हणाली. "आन पिंपळगावात मी डोमकया येचतो."

माझ्या उजवीकडे तिचा नवरा बसला होता. तो गोंधळून माझ्याकडे वाकला. "म्याडम, हे कोनाचं नाव सांगून राह्यली?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? काकूंनीच माझ्यावरून वाकून त्याला सुनावलं, "तुह्या बायकोचं बे! लग्नात आपनच नाही का बदललं थे?"

वर ती आता मोकळेपणानं बोलत होती. साबणाच्या पाण्याची बादली, खाऊचा डबा, तिला कंजूष म्हणणाऱ्या बायका. मूठ कशी उघडायची ते तिनं हात पुढे करून दाखवलं, आणि परक्या गावांच्या बायका हसून एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. तिचा नवरा टक लावून बघत होता.

"लग्नाच्या पत्रिकेवर छापलं व्हतं थे," थोड्या वेळानं तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी त इसरूनच गेलतो."

मग त्यानं ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. टाळ्या सुरू झाल्या, काकूंच्या सगळ्यांत मोठ्या. ती पायऱ्या उतरली आणि गर्दीत आमची रांग शोधायला लागली, तेव्हा तो उभा राहिला. सगळ्यांदेखत, चांगल्या खणखणीत आवाजात त्यानं तिला त्या नावानं हाक मारली.

ती थबकली. आणि तिनं ओ दिली.